ओळखीशी निगडित मनोविकार: डीआयडीचं निदान नेमकं कसं होतं?

मनमोकळी (धागाकर्ती)

मंडळी,

मागच्या आठवड्यात 'आरोग्य' विभागात एका ताईंनी विचारलं होतं की पंधरा वर्षांची भाची मधूनच वेगळ्या आवाजात बोलते, स्वतःला दुसऱ्याच नावाने हाक मारायला सांगते आणि नंतर तिला काही आठवत नाही. हे काय असावं? संध्याकाळपर्यंत तिथे निदानांची रांग लागली. कुणी बाहेरची बाधा म्हणालं, कुणी स्किझोफ्रेनिया, कुणी मल्टिपल पर्सनॅलिटी, आणि दोघांनी 'दहावीचा अभ्यास टाळायचं नाटक' असा निकाल दिला. प्रत्येकाला मदतच करायची होती, याबद्दल शंका नाही. पण मुलीला न भेटता दिलेलं नाव घरात किती वर्षं ठाण मांडून बसतं ते मी रोज बघते. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात काम करते. म्हणून हा वेगळा धागा.

'मी कोण' ही जाणीव बिघडते असे विकार एकाहून जास्त आहेत. डिपर्सनलायझेशनमध्ये माणसाला आपण स्वतःकडे बाहेरून बघतोय, हात आपलेच आहेत पण आपले वाटत नाहीत, असं होतं. मात्र हे 'वाटणं' आहे, हे त्याला पुरतं ठाऊक असतं. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरमध्ये स्वतःबद्दलचं चित्र सतत डळमळतं: आज एक ध्येय, उद्या दुसरं, नाती टोकाची, आत पोकळी. तिथे ओळख अस्थिर असली तरी माणूस एकच असतो. आणि डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर, म्हणजे डीआयडी ('डिसोसिएटिव्ह' म्हणजे आठवणी, जाणीव, ओळख एकमेकांपासून तुटणं), यात दोन किंवा अधिक वेगळ्या व्यक्तित्व-अवस्था आळीपाळीने ताबा घेतात. १९८० च्या डीएसएम-३ मध्ये (डीएसएम म्हणजे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची निदान-पुस्तिका) याचं नाव मल्टिपल पर्सनॅलिटी होतं, १९९४ साली ते बदललं.

लोक आवाज आणि चेहरा बघतात. आम्ही आधी आठवणी बघतो.

डीएसएम-५ च्या निकषांत व्यक्तित्व-अवस्थांच्या जोडीला वारंवार पडणारी स्मृतीतली भोकं आवश्यक मानली आहेत, आणि तीही नेहमीच्या विसरण्यासारखी नव्हेत. कपाटात नवी साडी सापडते, बिलावर सही आपली असते, पण दुकानात गेल्याचं आठवत नाही. वहीत वेगळ्या वळणाचं अक्षर दिसतं. ओळखीचे नसलेले लोक रस्त्यात थांबवून मागच्या भेटीचा विषय पुढे चालू करतात. रुग्ण हे आपणहून सांगत नाही, कारण त्याला लाज वाटते, वेडं ठरवतील अशी भीती असते. शिवाय लहानपणापासून असंच चालू असेल तर सगळ्यांचंच असं होतं अशी त्याची समजूत असते. तो येतो ते झोप नाही, डोकं दुखतं, जगावंसं वाटत नाही, हातावर कापून घेतलं अशा तक्रारी घेऊन. उघड उघड 'बदललेला' माणूस पहिल्याच भेटीत समोर बसलाय असं क्वचित घडतं.

स्मृतीच्या बाजूचं एक जुनं आणि चांगलं नोंदलेलं उदाहरण देते. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडचे धर्मप्रचारक अँसेल बोर्न १७ जानेवारी १८८७ ला प्रॉव्हिडन्सच्या बँकेतून पैसे काढून निघाले ते घरी परतलेच नाहीत. पेनसिल्व्हेनियात नॉरिसटाउन गावी ए. जे. ब्राउन नावाच्या माणसाने छोटं दुकान थाटलं. शांत, नेमस्त माणूस, कुणाला संशय आला नाही. १४ मार्चला पहाटे तो दचकून उठला आणि शेजाऱ्यांना विचारू लागला, मी आहे कुठे? आपण अँसेल बोर्न आहोत एवढंच त्याला माहीत होतं. दुकान, ब्राउन, मधले दोन महिने, सगळं पुसलेलं. १८९० मध्ये मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी त्यांना संमोहित केलं तेव्हा 'ब्राउन' पुन्हा बोलला, आणि त्याला बोर्नची ओळख नव्हती. आज अशा भटकंतीला डिसोसिएटिव्ह फ्यूग म्हणतात. त्या दोन महिन्यांत वेडेपणाचं दृश्य लक्षण एकही नव्हतं, म्हणून मला ही केस शिकवण्यासारखी वाटते.

निदानाची प्रक्रिया प्रतिसादांत येईलच, विचारा.

वाचनवेडा

उत्तम धागा. एक बाळबोध प्रश्न. हिंदी सिनेमातली नायिका रात्री घुंगरू बांधून बंगालीत बोलू लागते आणि डॉक्टर एका प्रयोगात तिला बरी करतो. यातलं खरं किती?

मनमोकळी

स्वतःला दुसरी व्यक्ती समजणं आणि नंतर न आठवणं, इथवर ठीक. एका रात्रीत, एका युक्तीने बरं होणं खरं नाही. उपचार काही वर्षं चालतात. आधी सुरक्षितता आणि रोजचं जगणं सावरणं, मग जुन्या आघातांवर सावकाश काम, मग सगळ्या अवस्थांचं एकमेकींशी जुळणं. डीआयडीवर म्हणून वेगळी गोळी नाही. नैराश्य, चिंता, झोप यांच्यासाठी औषधं देतात. सिनेमातली रुग्ण दुसऱ्याच्या जिवावर उठलेली असते. माझ्याकडे येणाऱ्यांचा धोका बहुतेक वेळा त्यांच्या स्वतःच्याच जिवाला असतो.

वऱ्हाडी_पाहुणा

बंगालीवरून आठवलं. आमच्या नागपुरातलं 'शारदा' प्रकरण अजून जुनी माणसं सांगतात. १९७४ पासून एक मराठी बाई मधूनमधून बंगाली बोलायची, बंगाली पद्धतीने लुगडं नेसायची, घरच्यांना ओळखायची नाही, मराठी कळायचं नाही. परदेशी डॉक्टर येऊन गेले होते म्हणतात. ते डीआयडीच होतं का?

मनमोकळी

दादा, त्या प्रकरणाची चांगली नोंद आहे. व्हर्जिनियाचे मानसोपचारतज्ज्ञ इयन स्टीव्हन्सन आणि भारतातल्या सतवंत पसरिचा यांनी १९७९ साली अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअॅट्रीमध्ये त्यावर लेख लिहिला, आपल्याकडचे वि. वि. अकोलकर यांनीही त्याचा बराच माग काढला. स्टीव्हन्सन पुनर्जन्माच्या बाजूने झुकलेले होते. त्या बाईंचा बंगालीशी आधीपासून थोडाफार परिचय होता, याकडे टीकाकारांनी लक्ष वेधलं.

मी दुरून निदान करणार नाही, तेही इतक्या वर्षांनी. पण एक सांगते. पुनर्जन्म होता की नव्हता यावर शेकडो पानं खर्ची पडली, आणि ज्या बाईचं आयुष्य अधूनमधून तिच्या हातून निसटत होतं तिला त्याचा किती त्रास होता, हा प्रश्न लोकांच्या चर्चेत मागेच राहिला. निदानात तो पहिला असतो.

तळकोकणी

माझा प्रश्न थोडा कडवट वाटेल, पण मनापासून आहे. आमच्या गावात देवळात अवसर येतो. माझे आजोबा वर्षानुवर्षं त्या मानाचे होते. गाऱ्हाणं घालून झालं की अंगात यायचं, बोलून झालं की उतरायचं, दुसऱ्या दिवशी पहाटे शेतावर हजर. शहरातले शिकलेले लोक याला सरसकट मानसिक आजार म्हणतात तेव्हा आजोबांचा अपमान झाल्यासारखं वाटतं.

सह्याद्रीपुत्र

मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आहे. अपमान करायचा हेतू कुणाचाच नसावा. पण अंगात आल्याच्या नावाखाली सुनांना मारहाण झालेली, मिरचीची धुरी दिलेली मी पाहिली आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधून ठेवणं, मारणं, धुरी देणं हा स्पष्ट गुन्हा आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डॉ. दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर हा कायदा आला, हे विसरून चालणार नाही.

मनमोकळी

दोघांचंही बरोबर आहे, आणि वर्गीकरणातही दोन्हींना जागा आहे.

तळकोकणी, तुमच्या आजोबांचा अवसर आजार नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं वर्गीकरण, आयसीडी-११, जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यात पझेशन ट्रान्स डिसऑर्डर (अंगात येण्याचा विकार) असं वेगळं निदान आहे. त्यासाठी ती अवस्था नकोशी, आपल्या इच्छेविरुद्ध येणारी हवी, समाजाने मान्य केलेल्या धार्मिक विधीचा भाग नसावी आणि तिच्यामुळे त्रास किंवा रोजच्या जगण्यात अडथळा असावा. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी येणारा आणि उतरणारा अवसर यात बसत नाही. तोच संचार सुनेला स्वयंपाकघरात, बाजारात, रात्री-अपरात्री येऊ लागला, ती त्याला घाबरू लागली, काम सुटलं, तर प्रश्न वेगळा. डीएसएम-५ मध्येही डीआयडीच्या निकषांतच लिहिलंय की काही संस्कृतींत हाच अनुभव 'झपाटलं' अशा शब्दांत सांगितला जातो.

आपल्याकडे डीआयडी कमी नोंदलं जातं याचं एक कारण इथेच असावं. १९८९ साली आदित्यांजी आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या जेमतेम तीन रुग्णांची नोंद केली होती. इथल्या मनाला दुभंगताना देवीचं, सासूचं, विहिरीत जीव दिलेल्या बाईचं रूप हाताशी असतं. अमेरिकेतल्या मनाला ते नसतं.

अजून एक अभ्यास सांगितल्याशिवाय राहवत नाही. व्हिएडा स्कल्टन्स या मानवशास्त्रज्ञ बाईंनी महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिरात राहून बघितलं. तिथे आजारी माणसाला, बऱ्याचदा मुलाला, घेऊन आलेल्या आया स्वतःच अंगात येऊन घुमत होत्या. घराचं दुखणं आपल्या अंगावर घेतलं तर मुलगा बरा होईल, ही श्रद्धा. आपण जिला 'झपाटलेली' म्हणतो ती कधीकधी साऱ्या घराचा भार पेलणारी बाई असते. तिला विचारायचा प्रश्न 'तुझ्या अंगात कोण आहे' हा नाही, 'घरात काय चाललंय' हा आहे.

तळकोकणी

आभारी आहे, ताई. हे आईला वाचून दाखवलं.

मज्जासंस्था

न्यूरॉलॉजीत काम करतो, थोडी भर घालतो. अचानक शून्यात बघणं, ओठ चाळवणं, विचित्र वास येणं, 'हे आधी घडलंय' असं तीव्रपणे वाटणं, आणि नंतर मधलं काही न आठवणं: हे टेम्पोरल लोबच्या, म्हणजे मेंदूच्या कानशिलाकडच्या भागाच्या, फीटमध्येही दिसतं. ती साधारण अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांत संपते आणि दर वेळी जवळजवळ तशीच असते. तासभर दुसऱ्या नावाने गप्पा मारणं हे फीटचं लक्षण सहसा नसतं. तरीही ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख), गरज पडली तर व्हिडिओ ईईजी करून घ्यावा. उलटही होतं. मेंदूत विजेचा गोंधळ नसताना फीटसारखे झटके येतात, आणि लोकांना वर्षानुवर्षं फीटच्या गोळ्या चालू राहतात. मोबाइलवर झटक्याचं चित्रण करून आणलंत तर आमचं निम्मं काम सोपं होतं.

मनमोकळी

डॉक्टर, फार मोलाचं. याच ओघात आमची बाजू सांगते. शरीराची कारणं, दारू, गांजा, झोपेच्या गोळ्या हे आधी बाजूला काढतो. मग डीईएस नावाची २८ प्रश्नांची प्रश्नावली देतो; बर्नस्टाइन आणि पटनम यांची, १९८६ ची. सरासरी तीसच्या वर गेली तर पुढे तपासायचं, एवढाच तिचा अर्थ. ती चाळणी आहे, निकाल नाही. खरं काम मुलाखतीत होतं. एससीआयडी-डी या पद्धतीत पाच गोष्टी खोदून विचारतात: स्मृतीतली भोकं, स्वतःपासून तुटल्याची भावना, जग खोटं वाटणं, ओळखीचा गोंधळ, ओळख बदलणं. प्रत्येक 'हो' नंतर उदाहरण मागायचं. 'मला विसरायला होतं' एवढ्यावर भागत नाही. कधी, काय, किती वेळ, नंतर कसं कळलं, हे सगळं. आणि घरच्यांशी वेगळं बोलायचं. हे एका बैठकीत उरकत नाही, उरकूही नये.

अनामिका_२१

मी कॉलेजला आहे. गेले काही महिने रील्स बघून मला वाटायला लागलंय की माझ्यात पण अल्टर्स (वेगवेगळी व्यक्तिमत्त्वं) आहेत. मैत्रिणींबरोबर मी एक असते, घरी दुसरी, एकटी असताना तिसरी. ती २८ प्रश्नांची टेस्ट ऑनलाइन दिली, ४१ आले. रात्रभर झोपले नाही. प्लीज सांगा.

मनमोकळी

बाळा, आधी हे वाच आणि श्वास घे. घरी एक, मैत्रिणींत एक, हे आपण सगळेच असतो. महत्त्वाचा प्रश्न हा की मैत्रिणींबरोबर असताना घरातली तू तुला आठवतेस का? आठवत असशील तर डीआयडीचं मुख्य लक्षणच नाही. ४१ गुण चिंता, अपुरी झोप, नैराश्य, जुना एखादा धक्का यांनीही येतात. म्हणजे काहीतरी त्रास आहे, तो खरा आहे, त्याला मी हसणार नाही. पण त्याचं नाव अजून ठरलेलं नाही. तोवर ती रील्स बंद ठेव, कारण घाबरलेलं मन पाहिलेल्या लक्षणांवर स्वतःला मोजत राहतं. कॉलेजचे समुपदेशक किंवा १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आजच फोन कर आणि इथे कळव.

अटलांटिकपार

सुचवण्यामुळे लक्षणं घडतात यावर अमेरिकेत मोठा वाद झाला आहे. १९७३ मध्ये सोळा व्यक्तिमत्त्वं असलेल्या एका बाईवर पुस्तक आलं, प्रचंड खपलं, आणि त्यानंतर रुग्णांचा पूर आला. पुढे तिच्या उपचारांच्या कागदपत्रांवरून अभ्यासकांनी गंभीर शंका घेतल्या. ऐंशीच्या दशकात संमोहनाने 'दडलेल्या आठवणी' बाहेर काढल्या गेल्या, कुटुंबं कोर्टात गेली. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९९५ मध्ये दाखवलं की लहानपणी मॉलमध्ये हरवल्याची न घडलेली आठवण काही लोकांच्या मनात पेरता येते. मग हा विकार खरंच आहे की डॉक्टरांनी बनवलेला?

मनमोकळी

वाद खरा आहे आणि त्याने आमच्या क्षेत्राचं भलंच झालं. माझं मत स्पष्ट सांगते: विकार आहे, आणि चुकीच्या हातात तो बनवलाही जाऊ शकतो. पाश्चात्त्य देशांत नोंदलेल्या रुग्णांपैकी सुमारे ९० टक्के लोक बालपणातला छळ किंवा दुर्लक्ष सांगतात, असं डीएसएम-५ मध्ये आहे. सिमोन राइंडर्स आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मेंदूच्या एमआरआयवरून डीआयडीचे रुग्ण आणि निरोगी माणसं यांच्यात फरक करता येतो का ते तपासलं. बऱ्याच अंशी आला, पण निदानासाठी वापरावा इतका नेमका नाही. त्यामुळे अजूनही शहाणी मुलाखत हेच साधन.

त्या काळातून आम्ही शिकलो ते हे की रुग्णाच्या तोंडात उत्तर घालायचं नाही. 'लहानपणी तुझ्यावर कुणी अत्याचार केला?' असं धरून विचारणं, 'आता दुसरीला बोलावा' म्हणणं, हे टाळायचं. भगताने 'बोल, कोण आहेस तू?' म्हणून केस धरणं आणि उपचारकाने नवं व्यक्तिमत्त्व शोधत सुटणं, दोन्हीत विचारणारा उत्तर आधीच ठरवून बसलेला असतो.

सुगरण_काकू

जेंडर आयडेंटिटी, म्हणजे लिंगओळख, हीही यातच येते का? भावाच्या मुलाबद्दल घरात कुजबुज चालते म्हणून विचारते.

मनमोकळी

नाही काकू. आयसीडी-११ ने जेंडर इन्काँग्रुअन्स (जन्मावेळी ठरवलेलं लिंग आणि स्वतःला जाणवणारी लिंगओळख न जुळणं) मानसिक विकारांतून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवला. २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मानला. 'बदलून देतो' म्हणणाऱ्या कन्व्हर्जन थेरपीला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. त्या पोराशी कुजबुज न करता बोला.

रानजाई

माझ्या थोरल्या बहिणीला आवाज ऐकू यायचे. एका ठिकाणी स्किझोफ्रेनिया सांगितला, बरीच वर्षं औषधं चालली. अंग जड, दिवसभर झोप, आवाज तसेच. दुसऱ्या डॉक्टरांनी सात-आठ भेटी नुसतं ऐकून घेतलं आणि डिसोसिएटिव्ह म्हणाले. आता ती शिवणकाम करते, लेकीला शाळेत सोडते. पण सगळ्यांचंच असं असतं असं नाही ना? कुणी हे वाचून गोळ्या बंद करायला नकोत.

मनमोकळी

तुमचं शेवटचं वाक्य सगळ्यांनी दोनदा वाचा. स्किझोफ्रेनियाचं निदान बहुतेकदा बरोबरच असतं आणि गोळ्या अचानक सोडणं घातक ठरतं. फरक करायला आम्ही बघतो ते असं: डीआयडीत आवाज बऱ्याचदा डोक्याच्या आतून येतात, लहानपणापासून असतात, त्यांना वय, स्वभाव असतो, ते आपसात भांडतात. आणि माणूस त्यातून बाहेर असताना त्याचं बोलणं, तर्क, माया शाबूत असते. स्किझोफ्रेनियात विचारांची साखळी विस्कटते, ठाम भ्रम असतात, भावना बोथटतात. पण सीमारेषा धूसर आहे. शंका असेल तर दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांचं मत घ्या, जुनी सगळी कागदपत्रं सोबत न्या.

गोदाकाठची

मीच ती भाचीबद्दल विचारणारी. सगळं वाचलं. परवा जिल्हा रुग्णालयात वेळ मिळाली आहे. तिथे काय सांगू? घरी तोवर कसं वागायचं? तिचे बाबा तिला देवऋषीकडे न्यायचं म्हणताहेत.

मनमोकळी

ताई, बरं केलंत. जाताना एका कागदावर लिहून न्या: पहिल्यांदा कधी झालं, किती वेळ टिकतं, त्याआधी काय घडलेलं असतं, घरात कोण असतं, नंतर तिला नेमकं काय आठवत नाही. झोप, पाळी, शाळेतले बदल, डोक्याला मार, कुठलीही औषधं हेही. 'हे डीआयडी आहे का' असं विचारू नका, जे दिसलं ते सांगा. डॉक्टरांना तिच्याशी एकटीशी बोलू द्या, तुम्हीही बाहेर थांबा.

घरी ती वेगळ्या नावाने बोलली तर घाबरू नका, रागावू नका, चाचणी घेतल्यासारखे प्रश्न विचारू नका, चित्रण सगळ्या नातेवाइकांना पाठवू नका. 'तू घरात आहेस, मी मावशी, इथे कुणी तुला काही करणार नाही' एवढं शांतपणे म्हणा. तिच्या बाबांना सांगा, देवाला नमस्कार करायला जरूर जा, पण मारहाण, धुरी, उपास काही होता कामा नये आणि परवाची वेळ चुकवायची नाही.

एक अवघड गोष्ट. ती कुणाचं नाव घेऊन काही सांगू लागली तर ऐकून घ्या, खोदू नका आणि 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. अठराच्या आतल्या मुलीवर अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरही मदत मिळते. तसं काही नसेलही. शाळेतला जाच, घरातली भांडणं, परीक्षेची धास्ती यांनीही मूल असं तुटतं. परवा डॉक्टरांनी लगेच नाव सांगितलं नाही, पुन्हा बोलावलं, तर वैतागू नका, जा. आणि जमलं तर पुढच्या खेपेला तिच्या बाबांनाही सोबत न्या.